पोटाची वही, काट्याची वही

(नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

बाहेरच्या फळ्यावर विषय ‘आहार व आरोग्य’ असा लिहिलाय. मी सचिवांना दिलेला विषय होता ‘दूध न पचणं आणि वजन न उतरणं’. ते म्हणाले, ताई, फळ्यावर बरं दिसत नाही. असू दे. जे फळ्यावर बरं दिसत नाही त्याबद्दलच मला चाळीस मिनिटं बोलायचंय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी ३५ वर्षं पतसंस्थांचे हिशेब तपासले. त्यामुळे शरीराकडेही मी हिशेबनीसाच्याच नजरेनं बघते, आणि माझं सगळं म्हणणं एका वाक्यात मावतं: पोटाची वही वेगळी, काट्याची वही वेगळी. एका वहीतली नोंद दुसऱ्या वहीत ओढली की गफलत होते. हे शेवटी नीट उलगडून सांगणार आहे, वेळ उरला तर. (हशा) हसू नका, सचिवांनी घड्याळ माझ्या समोरच लावलंय.

तर गोष्ट अशी. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझं वजन ८१ किलो होतं. उंची विचारू नका. गुडघे बोलायला लागले होते, साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, दहा किलो उतरवा. मी एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. हुशार, तरुण, अगदी मनापासून काम करणारी मुलगी. तिनं छापील तक्ता दिला. सकाळी साय काढलेल्या दुधात ओट्स. अकरा वाजता फळ. चार वाजता दुधात प्रोटीन पावडर. गोड खावंसं वाटलं तर शुगरफ्री बिस्किटं. तोंड चाळवलं तर शुगरफ्री च्युइंगम. रात्री झोपताना कपभर हळदीचं दूध, सायीशिवाय.

आठ दिवसांत माझं पोट ढोलकीसारखं झालं. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मी सकाळी चालायला जायची. तिथली मंडळी किती फेऱ्या झाल्या ते मोजतात, मी घर किती लांब राहिलं ते मोजत होते. आठव्या दिवशी वजन केलं तर दीड किलो कमी! ती मुलगी खूश. म्हणाली, काकू, बघा, सुरुवात किती छान झाली. खूश ती, रिकामी मी. दीड किलो पाणी गेलं होतं हो. एक किलो चरबी जायची तर साधारण ७७०० कॅलरींची तूट लागते. आठ दिवसांत ओट्स खाऊन तेवढी तूट पडत असती तर या खोलीत कुणाचाच पट्टा घट्ट झाला नसता.

आता कोजागिरी. ही गोष्ट माझ्या घरच्यांनी इतक्या वेळा ऐकलीय की आमचे हे आज मुद्दाम आले नाहीत.

आमच्या सोसायटीत कोजागिरी गच्चीवर असते. मोठ्या पातेल्यात दूध आटवायचं, केशर, जायफळ, चारोळी. चंद्र पातेल्यात दिसला की वाटप. शेजारी भेळ, गाण्याच्या भेंड्या. मी ठरवूनच गेले होते, आज दूध नाही. ग्लास पुढे आला. म्हटलं, नको, मला दूध सोसत नाही. तर वहिनी म्हणाल्या, ‘एवढंसं घ्या, काही होत नाही.’

मंडळी, ‘काही होत नाही’ हे वाक्य बोलणाऱ्याला खरोखरच काही होत नसतं! होतं ते ऐकणाऱ्याला. महाराष्ट्रात यजमानीणबाईंना पाहुण्याचं पोट पाहुण्याहून जास्त कळतं. मधुमेह आहे म्हटलं की लोक आता ऐकतात, एवढी सुधारणा झाली. पण ‘दूध सोसत नाही’ म्हटलं की ते नखरे. वर पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, अगं प्रसाद आहे, प्रसादाला नाही म्हणू नये. आता प्रसादासमोर हिशेबनीस काय बोलणार! घेतलं. आणि खरं सांगू, छान झालं होतं. दुसरा ग्लासही घेतला. (हशा)

हिशेब मी नंतर मांडला. साध्या दुधात दर १०० मिलीलिटरला जवळजवळ ५ ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हणजे दुधाची स्वतःची साखर. आटवून तीन लिटरचे दोन केले की पाणी उडतं, साखर कुठं जाणार? तीच १०० मिलीला साडेसात ग्रॅम होते. माझे दोन ग्लास म्हणजे ३०० मिली. वर चार वाजताचा शेक, सकाळचे ओट्स. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यातल्या बहुतेकांना एका वेळी बाराएक ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक पेला दूध, जेवणाबरोबर घेतलं तर फारसा त्रास होत नाही. मी त्या दिवशी चाळिशी ओलांडली होती, आणि वरून भेळ.

भेंड्या ‘म’ वर आल्या होत्या. माझ्या पोटात आधी विमान उतरल्यासारखा आवाज झाला. शेजारच्या बाई म्हणाल्या, ढग आलेत का? मी उठले. गच्ची चौथ्या मजल्यावर, आमचं घर दुसऱ्या. लिफ्ट तळाला, त्यात कुणी तरी भेळेची पातेली चढवतंय. जिन्यानं उतरले, किल्ली ह्यांच्या खिशात, हे वर गच्चीत ‘म’ चं गाणं शोधतायत. वहिनींचं दार उघडं दिसलं, आत शिरले, तर बाथरूमच्या बाहेर त्यांच्याकडे आलेले दोन पाहुणे रांगेत! ते जळगावचे, फार सभ्य. माझं तोंड बघूनच बाजूला झाले. त्या दोघांची मी आजही आठवण काढते. त्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत आमच्या इमारतीवरून गेली असेल, तर पहाटे चारलाही एका घरातून ‘मी!’ असं उत्तर तिला नक्की मिळालं असेल.

दुसऱ्या दिवशी आमचे फॅमिली डॉक्टर हसले. म्हणाले, दोन आठवडे दूध पूर्ण बंद करा, मग एक दिवस सकाळी उपाशीपोटी एक पेला घ्या आणि मला सांगा. मी सांगितलं. तीन तासांतच सांगितलं. मोठ्या रुग्णालयात याची श्वासाची तपासणी असते. लॅक्टोज प्यायला देतात आणि दर थोड्या वेळानं नळीत फुंकायला लावून हायड्रोजन मोजतात. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू ती आंबवतात, त्यातून वायू निघतो, तोच श्वासातही येतो. ही साखर पाणीही ओढून घेते, म्हणून ढोलकी आणि धावपळ दोन्ही एकत्र.

हा काही भयंकर आजार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. लहानपणी लॅक्टेज नावाचं पाचक भरपूर तयार होतं, पुढे बहुतेकांचं कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांची हीच गत आहे. म्हणजे बहुमत आमचं आहे, पण गच्चीवर आम्ही अल्पसंख्य. दुधाची ॲलर्जी मात्र निराळी बरं का. तिथं शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातल्या प्रथिनावर उलटते, त्यात ‘एवढंसं’ सुद्धा धोक्याचं.

आता माझा मूर्खपणा. दूध सुटलं, पोट शांत झालं. मला वाटलं, आता वजन आपोआप उतरणार. दोन महिन्यांत तीन किलो वाढलं!

कारण मी पोटाच्या वहीत ‘चालतं’ अशी खूण असलेलं सगळं खात सुटले. तूप चालतं, त्यात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. मग वरणावर दोन चमचे, पोळीवर एक. तुपात १०० ग्रॅमला ९०० कॅलरी असतात. शेंगदाणे चालतात, मूठभर म्हणता म्हणता दीडशे कॅलरी, आणि माझी मूठ एकदा नाही भरायची. नारळाचं दूध चालतं. साबुदाण्याची खिचडी चालते, म्हणून एकादशीबरोबर सोमवारही धरला. द्राक्षांच्या दिवसांत आमचे दिंडोरीचे नातेवाईक पेटी पाठवतात. द्राक्षं पोटाला बिलकुल त्रास देत नाहीत, म्हणून टीव्हीसमोर अर्धा किलो, म्हणजे साडेतीनशे कॅलरी, मनुके करायलाही शिल्लक ठेवली नाहीत. आणि रविवारची मिसळ! चालून आल्यावर मिसळ खाणं हा नाशिककरांचा जन्मसिद्ध हक्क आहे, त्यावर मी बोलणार नाही. फक्त एवढंच, की मिसळीबरोबरच्या वाटीतलं दही मी भीतीनं परत करायची आणि जिलेबी निर्धास्त खायची. घोटाळा बघा. दही मला चालणारं होतं!

काय, दहा मिनिटं? पाच? बरं. मग मुख्य विषय आता सुरू करते. (हशा)

सायीशिवायचं दूध घ्या. काट्याच्या वहीत उत्तम, पोटाच्या वहीत साफ बुडीत. साय काढली की चरबी जाते, साखर तशीच राहते. तूप याच्या बरोब्बर उलट. माझा तक्ता करणाऱ्या मुलीकडे एकच वही होती, कोजागिरीनंतर माझ्याकडेही एकच राहिली, फक्त दुसरी. प्रत्येक पदार्थ दोन्ही वह्यांतून पास व्हायला हवा.

दोन्हीकडे पास होणारे सांगते, लिहून घ्या. घरचं आंबट दही आणि पातळ ताक: विरजणातले जिवाणू साखरेचा काही भाग खाऊन टाकतात, आणि उरलेली पचवायला पोटातही मदत करतात. पनीर, बेताचं: बरीचशी साखर निवळीबरोबर निघून जाते. डाळी, अंडी, मासे. श्रीखंडाला पोट एक वेळ माफ करतं, काटा करत नाही. खवा, पेढे, बासुंदी दोन्हीकडे नापास, त्यांना वर्षातून दोनदा सन्मानानं बोलवायचं.

प्रोटीन पावडर घेणारे इथं कमी असतील, पण नातवंडांना सांगा: डब्यावर ‘व्हे कॉन्सन्ट्रेट’ (व्हे म्हणजे दुधाची निवळी) असेल तर लॅक्टोज बऱ्यापैकी, ‘आयसोलेट’ असेल तर अगदी थोडं. शुगरफ्री गोळ्या-बिस्किटांत सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ते नीट न पचणारे गोड पदार्थ, असतील तर दूध सोडूनही पोट वाजत राहील, आणि आपण दुधाला शिव्या देत बसू. माझं तसंच झालं. बिस्किटाच्या पुड्यावर, ब्रेडवर ‘मिल्क सॉलिड्स’ शोधा. दूध पावडरीत, सायीशिवायच्या, निम्मं लॅक्टोजच असतं.

कॅल्शियम. हा प्रश्न वहिनी नक्की विचारणार. १०० मिली दुधात १२० मिलिग्रॅम, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तीळ, राजगिरा, सुकट आहेतच. पण नाचणी म्हणजे ‘डाएट’ नव्हे. तिच्या भाकरीच्या कॅलरी ज्वारीच्या भाकरीएवढ्याच, चार खाल्ल्या तर चारच्या लागतात. मी दोनवर आले, तूप एक चमचा मोजून, शेंगदाणे वाटीनं नाही तर नगानं. दोन वर्षांत नऊ किलो उतरले. दहावा अजून वाटाघाटी करतोय.

आणखी एक, घाईत सांगते पण महत्त्वाचं. पोट बिघडतंय म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून गहू सोडू नका. सिलिॲकची, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची, शंका असेल तर रक्ताची तपासणी गहू खात असतानाच करायची, आधी सोडला तर तपासणी फसू शकते. आणि रक्त पडणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, न प्रयत्न करता वजन उतरणं, यातलं काही असेल तर माझं व्याख्यान विसरून डॉक्टरांकडे जा.

प्रश्न एकच घेते. हो, बोला आबा. गोळी मिळते का? मिळते. मेडिकलमध्ये लॅक्टेजची गोळी मागायची, दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर घ्यायची. मी कोजागिरीला एक पर्समध्ये ठेवते. ती लॅक्टोज पचवते, कॅलरी नाही पचवत.

मागून कोण विचारतंय? ‘ए टू’ दूध? देशी गाईचं? बाई, मी ते महिनाभर घेतलं, म्हणून सांगते. ए वन, ए टू हा फरक दुधातल्या एका प्रथिनाचा आहे. लॅक्टोज दोन्हीत सारखंच. मला फरक फक्त बिलात दिसला.

चहा आलाय वाटतं. त्या ट्रेमध्ये एक कोरा आहे बिनसाखरेचा, तो माझा. नाही वहिनी, थोडंसं सुद्धा नको.