हा आकडा कितव्या तासाचा?

[दृश्य: वॉर्मरखाली बाळ. सिस्टरचा हात बाळाच्या तळपायावर.]

या बाळाला ताप नाही. उलट तळपाय गार लागतात. सकाळी ते नीट दूध ओढत होतं, दुपारी दोन घोट घेतले आणि गळून झोपलं. सिस्टरनं डॉक्टरांना बोलावलं ते एवढंच सांगायला, "बाळ सकाळसारखं वाटत नाही."

नवजात बाळाचा सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात उतरून सगळ्या शरीराला वेठीस धरणं, बऱ्याचदा असा गुपचूप सुरू होतो. मोठ्या माणसाला हुडहुडी भरते, ताप चढतो, तो स्वतः सांगतो. बाळाकडे सांगायला मोजक्याच खुणा, आणि त्याही फसव्या. श्वास जोरात चालला आहे? फुप्फुसातलं पाणी अजून पुरतं सुकलं नसेल. मलूल पडलं आहे? साखर उतरली असेल. दूध ओढत नाही? दिवस पूर्ण भरलेले नसतील. किंवा मग सेप्सिस. तो असेल आणि औषधाला उशीर झाला, तर काही तासांत बाळ हाताबाहेर जाऊ शकतं.

म्हणून डॉक्टर थांबत नाहीत. संशय आला की रक्ताचा नमुना घेतात आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. अवघड प्रश्न त्यानंतर येतो: हे औषध बंद कधी करायचं?

[दृश्य: हाताच्या पाठीवरची शीर, बारीक सुई, थेंब थेंब जमणारं रक्त.]

निदानाची पक्की कसोटी आजही ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून पाहणं, हीच आहे. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 80 ते 90 मिलिलिटर रक्त असतं. कल्चरसाठी त्यातलं निदान 1 मिलिलिटर हवं. कागदावर हे किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात शीर दोऱ्याएवढी, बाळाचा हात निसटता, आणि अर्धं मिलिलिटर येईपर्यंत शीर बसते. मग मिळालं तेवढंच बाटलीत जातं. पण बाळाच्या रक्तात जंतू कधीकधी इतके विरळ असतात, की एका मिलिलिटरमध्ये चार-पाचच सापडावेत. नमुना निम्मा झाला की ते हुकण्याची शक्यता वाढते.

बाटली यंत्रात जाते. आत शरीराएवढी ऊब असते, बाटल्या सतत हलत्या ठेवलेल्या असतात. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि बाटलीच्या तळाशी बसवलेल्या संवेदकाचा रंग पालटतो. खरोखर आजार करणारे बहुतेक जंतू 24 ते 36 तासांत असे उघडे पडतात. कधी बाटलीत भलतंच काही वाढतं, नमुना घेताना कातडीवरून आत गेलेलं. तेही निस्तरावं लागतं.

या मधल्या तासांत हाताशी काहीतरी असावं, यासाठी रक्तातल्या खुणांचा, म्हणजे बायोमार्करचा, सगळा शोध आहे.

[दृश्य: काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर, सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या पेशी.]

सगळ्यात जुनी पद्धत डोळ्यांची. संसर्ग झाला की अस्थिमज्जा घाईघाईनं न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात सोडते, त्यात कच्च्या पेशीही येतात. पक्क्या पेशीचं केंद्रक तुकड्यातुकड्यांचं दिसतं, कच्चीचं घोड्याच्या नालेसारखं वळलेलं. तंत्रज्ञ पेशी मोजत जातो. शंभर न्यूट्रोफिलमध्ये वीस किंवा त्याहून जास्त कच्च्या निघाल्या तर संशय बळावतो. इथे गंमत अशी की दोन अनुभवी तंत्रज्ञ एकच काचपट्टी पाहून वेगळे आकडे सांगू शकतात, कारण वळलेलं कुठे संपतं आणि तुकडे कुठे सुरू होतात हे शेवटी नजरेवर आहे. आणखी एक. निरोगी बाळातही न्यूट्रोफिलची संख्या जन्मानंतर चढत जाते, साधारण 12 ते 14 तासांनी शिखर गाठते आणि मग उतरते. जन्मवेळ ठाऊक नसेल तर हा आकडा वाचायचा तरी कसा? बाळांच्या बाबतीत वाढलेल्या पेशींपेक्षा घसरलेल्या पेशी जास्त घाबरवतात. मज्जेतला साठा संपत आल्याचं ते लक्षण असू शकतं.

आता सीआरपी. रिपोर्ट हातात आला की घरचे पहिल्यांदा याच ओळीवर बोट ठेवतात. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोकोकस जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाला चिकटणारं काहीतरी त्यांना आजारी रक्तात सापडलं. तेच सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. ते यकृतात तयार होतं. वार ओलांडून ते आईकडून बाळात येत नाही, त्यामुळे बाळाच्या रक्तात सापडलेलं सीआरपी बाळाचं स्वतःचंच. ही फार सोयीची गोष्ट आहे.

अडचण वेळेची. जंतूंची चाहूल लागल्यावर पेशी आधी इंटरल्युकिन-6 सोडतात, तो निरोप यकृताला पोचतो, मग यकृत कामाला लागतं. सीआरपी नजरेत भरण्याएवढं वाढायला 10-12 तास जातात आणि शिखर येतं दीड-दोन दिवसांनी. म्हणजे बाळ मलूल झालं त्याच क्षणी घेतलेल्या नमुन्यात सीआरपी अगदी नॉर्मल असू शकतं, आणि बाळ मात्र सेप्सिसमध्ये असतं. उलटही होतं. आईला कळांमध्ये ताप होता, प्रसूती लांबली, बाळानं पोटातच शी करून ती श्वासात ओढली, तरी जंतूंशिवाय सीआरपी चढतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं शरीर तर ते पुरेसं बनवतही नाही.

एकट्या सीआरपीवर बाळाला आजारी ठरवणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. पण 24 तासांच्या अंतरानं घेतलेल्या दोन नमुन्यांत ते 10 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली राहिलं, कल्चर कोरं आलं आणि बाळ दूध ओढू लागलं, तर सेप्सिस नसल्याची खात्री बरीच वाढते. सीआरपीची खरी किंमत इथे आहे, औषध थांबवण्याच्या निर्णयात.

याचं कारण साध्या हिशोबात आहे.

[दृश्य: पडद्यावर हजार ठिपके, त्यातले दहा लाल.]

समजा संशय घेतलेल्या हजार बाळांपैकी दहांना खरोखर सेप्सिस आहे. आणि समजा आपली चाचणी छान आहे: दहापैकी नऊ आजारी बाळं पकडते, आणि निरोगी बाळांपैकी दहातल्या नऊंना बरोबर सोडून देते. मग नऊ आजारी बाळं सापडली. पण उरलेल्या 990 निरोगी बाळांपैकी 99 जणांवरही शिक्का बसला. शिक्का बसलेल्या 108 बाळांत आजारी फक्त नऊ! आणि सोडून दिलेल्या 892 मध्ये चुकलेलं एकच. चाचणी 'हो' म्हणते तेव्हा बहुतेकदा खोटी ठरते, 'नाही' म्हणते तेव्हा जवळजवळ नेहमी खरी.

[दृश्य: प्रयोगशाळेतलं यंत्र, नळ्यांची रांग.]

मग आला प्रोकॅल्सिटोनिन. एरवी हा थायरॉइडच्या पेशींत बनणारा कॅल्सिटोनिन संप्रेरकाचा आधीचा टप्पा, रक्तात जवळजवळ नसल्यासारखाच. जंतुसंसर्गात मात्र तो रक्तात खूप वाढतो, हे 1993 मध्ये फ्रेंच संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. तेव्हा तो शरीरातल्या अनेक अवयवांतून बाहेर पडत असतो. सीआरपीपेक्षा हा चपळ. तीन-चार तासांत चढू लागतो. ऐकून वाटतं, झालं काम! पण जन्म झाल्याबरोबर निरोगी बाळातही प्रोकॅल्सिटोनिन आपोआप वाढतो. साधारण 24 तासांनी शिखरावर असतो, काही बाळांत मिलिलिटरला 10 नॅनोग्रॅमच्या पुढे, आणि दोन-तीन दिवसांत खाली येतो. मोठ्या माणसाच्या रिपोर्टात हा आकडा दिसला तर आयसीयूत धावपळ होईल. एका दिवसाच्या बाळात तोच निरोगी असू शकतो. छापील रिपोर्टात शेजारी 'नॉर्मल' म्हणून दिलेली मर्यादा बहुधा मोठ्यांची असते, ती पाहून घरच्यांचा उगाच थरकाप होतो.

यावरचा उपाय म्हणजे तासागणिक बदलणारी मर्यादा. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, कॅनडा आणि चेक प्रजासत्ताक इथल्या 18 रुग्णालयांत 1710 नवजात बाळांवर एक अभ्यास झाला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांचं औषध नेहमीच्या रिवाजानं, निम्म्यांचं प्रोकॅल्सिटोनिन पाहून. सेप्सिसची शक्यता कमी मानलेल्या बाळात, वयाच्या त्या तासाला साजेशा मर्यादेत लागोपाठ दोन आकडे आले की औषध बंद. अँटिबायोटिकचा सरासरी काळ 65 तासांवरून 55.1 तासांवर आला. दहा तास. हातातली सुई दहा तास लवकर निघाली, आतड्यातल्या चांगल्या जंतूंची कत्तल दहा तास आधी थांबली. ज्या औषधाची गरजच नव्हती त्याचे दहा तास वाचणं मला थोडं वाटत नाही.

बाकीच्या खुणा भराभर पाहू. इंटरल्युकिन-6 सगळ्यांत आधी उठतो, पण एका दिवसात ओसरूनही जातो. नमुना उशिरा घेतला तर हाती काही लागत नाही. न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावरचं सीडी64 नावाचं प्रथिन काही तासांत वाढतं आणि पुढे टिकून राहतं, रक्तही थेंबभरच लागतं, पण मोजायला फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेक पेशी तपासणारं यंत्र, हवा आणि तो चालवणारं माणूस रात्री दोनलाही हजर हवं. प्रेसेप्सिन या आणखी एका खुणेवर अभ्यास चालू आहेत. लवकर उठणारी एक आणि उशिरापर्यंत टिकणारी एक अशी जोडी लावणं एकट्या चाचणीपेक्षा बरं, यावर बऱ्याच जणांचं एकमत आहे.

आणि आता थोडं अडचणीत टाकणारं. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर परमनेंटे रुग्णालयांनी बाळाला सेप्सिसचा धोका किती हे काढणारं एक गणकयंत्र वापरायला घेतलं. आईचा ताप किती, पाणी गेल्याला किती तास झाले, गर्भ किती आठवड्यांचा, आईच्या अंगात ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस हा जंतू आहे का, प्रसूतीआधी तिला अँटिबायोटिक मिळालं का, आणि समोर दिसणारं बाळ कसं आहे. बस्स. पहिल्या 24 तासांत अँटिबायोटिक मिळणाऱ्या बाळांचं प्रमाण 5 टक्क्यांवरून 2.6 टक्क्यांवर उतरलं. 2017 सालचेच हे निष्कर्ष. या गणितात रक्तातला एकही बायोमार्कर नाही.

[दृश्य: इनक्युबेटर. बाळाच्या शिरेत घातलेली बारीक नळी.]

पण हे गणकयंत्र आणि तो प्रोकॅल्सिटोनिनचा अभ्यास, दोन्ही निदान 34 आठवडे भरलेल्या बाळांसाठी. आणि दोन्ही जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांपुरती. 27 आठवड्यांचं, तीन आठवडे नळ्यांवर असलेलं बाळ या हिशोबात बसत नाही. त्याचा संसर्ग बहुधा आईकडून आलेला नसतो, कातडीवरून किंवा नळीवरून शिरलेला असतो. संशय एकदा येत नाही, पुन्हा पुन्हा येतो. दर वेळी रक्त काढायचं, तेही मुळात कमी रक्त असलेल्या अंगातून, आणि दर वेळी 36 तास औषध. या बाळांसाठी औषध थांबवायचा तेवढाच भरवशाचा तक्ता अजून तयार व्हायचा आहे. तोवर इथे सीआरपी, पेशी आणि कल्चर एकत्र मांडून, दर काही तासांनी बाळाकडे पुन्हा पाहून निर्णय होतो, आणि सिस्टरनं सांगितलेलं वाक्यही त्या फाइलमध्ये लिहिलं जातं.