सरकणं वेगळं, उडणं वेगळं

पहाटे साडेपाचला पळायला निघणाऱ्या माणसाकडे सामान ते किती? फोन, घराची किल्ली, घडी घातलेली पन्नासची नोट, आणि लांब पळायचं असेल तर एक-दोन जेल, म्हणजे पळताना ताकदीसाठी चोखायच्या गोड, घट्ट रसाच्या पुड्या. एवढं कमरेला नीट बसावं म्हणून मी पट्टे शिवते. सुरुवातीला आई म्हणाली, “कमरेला पट्टा बांधायचा, त्यात एवढं काय शिकायचं?” तिचं चूक नव्हतं. आपल्याकडे माणसं कनवटीला पैसे लावून बाजाराला जात. व्यापारी कमरेला कसा बांधत. लांबट, नळीसारखी पिशवी, आत नाणी. बायका चंची खोचून दिवसभर शेतात वाकत आणि ती पडत नसे. पण ही सगळी माणसं चालत होती. चालताना एक तरी पाय जमिनीवर असतोच. पळताना मधे एक क्षण दोन्ही पाय हवेत असतात, आणि सगळी भानगड त्या क्षणात आहे.

त्या क्षणी तुम्ही वर फेकलेल्या दगडासारखे असता, आणि खिशातला फोनही. त्याला वजनच उरत नाही, तो खिशात तरंगतो. मग पाय टेकतो, शरीर थांबतं, फोन मात्र मागून येऊन आदळतो. पळताना शरीर प्रत्येक पावलाला साधारण सहा ते दहा सेंटिमीटर वर-खाली होतं. मिनिटाला १७० पावलं धरा. चार तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याची चाळीस हजारांच्या वर पावलं होतात. दोनशे ग्रॅमचा फोन, आणि चाळीस हजार चापट्या!

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण एकच तक्रार सांगतो, “पट्टा हलतो.” मला वर्षभर कळलं नाही की या एका तक्रारीत दोन दुखणी आहेत. पट्टा जागेवरून सरकतो हे एक, आणि पट्ट्यातली वस्तू उडते हे दुसरं. त्यांची औषधं वेगळी आहेत.

आधी सरकणं. घरी एक प्रयोग करून बघा. वर रुंद आणि खाली निमुळता असा स्टीलचा पेला घ्या. त्याच्या रुंद भागावर रबरबँड चढवा, पेला ओला करा आणि टिचक्या मारत राहा. रबरबँड हळूहळू निमुळत्या टोकाकडे जातो. आपली कंबर म्हणजे उलटा धरलेला पेला: नितंबांशी रुंद, वर बेंबीच्या आसपास अरुंद. म्हणून ताणलेला पट्टा वर चढतो. बायकांमध्ये हा फरक जास्त, म्हणून तक्रारही जास्त. पोट सुटलेल्या पुरुषांचा पेला सुलटा, त्यांचा पट्टा पोटाखाली घसरतो. दोघंही एकच उपाय करतात, बकल ओढून पट्टा आवळतात. आवळल्याने पकड वाढते हे खरं, पण अरुंद भागाकडे खेचणारी ओढही तेवढीच वाढते. हिशेब जिथल्या तिथे, श्वास मात्र कोंडतो.

यावरचा उपाय मला आमच्या शिंपीमास्तरांनी दिला. मी सरळ पट्ट्या कापून कापून थकले होते. ते म्हणाले, “मॅडम, कॉलरची पट्टी आपण सरळ कापतो का?” झालं! मान निमुळती असते म्हणून कॉलरच्या पट्टीला बाक देतात, स्कर्टच्या योकला, म्हणजे कमरेलगतच्या तुकड्यालाही देतात. पट्ट्याला का नाही? आता माझ्या पट्ट्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा चार-पाच सेंटिमीटरने लांब असते. तो टेबलावर पसरला की चंद्रकोरीसारखा दिसतो. आणि तो बेंबीवर नाही, जीन्स बसते तिथे, कमरेच्या हाडाच्या जरा खाली बसवायचा. मग वर चढायला तेच हाड आडवं येतं.

पण हाड म्हटलं की नवं दुखणं. ताण तोच असला तरी जिथे वळण तीव्र तिथे दाब जास्त पडतो. पोटाच्या सपाट भागावर जो पट्टा जाणवतही नाही, तोच हाडाच्या टोकावर रुततो. तिथे बकल, चेनचं टोक किंवा जाड शिवण आली, की दहाव्या किलोमीटरला लाल चट्टा उठलाच म्हणून समजा. घामाने भिजलेली कातडी तर आणखी लवकर सोलते. म्हणून मी शिवणी फ्लॅटलॉकवर, म्हणजे जाड कड न ठेवणाऱ्या शिलाई मशीनवर, सपाट करते आणि हाडावरचा चार बोटं भाग मोकळा ठेवते.

आता उडणं. इथे मी सपशेल आपटले. चारही बाजूंनी ताणलं जाणारं महागडं लायक्रा आणलं, हात लावला की लोण्यासारखं. पट्टा शिवला, फोन घातला, पळाले. मागे कुणीतरी चक्का टांगल्यासारखं! इलॅस्टिक कापड आणि त्यात वजन, म्हणजे स्प्रिंगच. प्रत्येक स्प्रिंगला स्वतःची लय असते. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो. तुमच्या पावलांची लय सेकंदाला तीनच्या जवळपास असते. खिशाची लय तिच्याशी जुळली, तर पावलागणिक झोका वाढतो.

ही लय मोजायला साधी पट्टी पुरते. फोन घातल्यावर खिसा उभ्या उभ्या किती खाली ओघळतो ते बघा. पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास ओघळला, तर त्याची लय सेकंदाला बरोबर तीन येते, म्हणजे सगळ्यात वाईट. अर्धा सेंटिमीटरच ओघळला, तर लय सातच्या घरात जाते आणि फोन मुकाट्याने शरीराबरोबर वर-खाली होतो. म्हणून कापड आडवं ताणलं गेलं पाहिजे, उभं नाही. आता अंगाकडची बाजू मी न ताणणाऱ्या जाळीची करते आणि बाहेरच्या बाजूला लायक्रा लावते. ते फोनला अंगाशी दाबून धरतं. खिशात बोटभरही मोकळी जागा नको, नाहीतर फोन पुन्हा तरंगणार.

चाचणीसाठी खरा फोन कोण देणार? मी कपडे धुवायची दोनशे ग्रॅमची साबणाची वडी घेतली, मापाला अगदी जवळची. एका मित्राला ऑक्टोबरच्या उन्हात टेकडीवर पिटाळलं. तो परत आला तेव्हा कमरेभोवती फेस! तेव्हापासून मी प्लायवूडचा तुकडा वापरते, त्याला वॉशर ठोकून वजन जुळवते आणि फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करते. चढावर पास झालेला पट्टा उतारावर नापास होतो, हेही त्यातूनच कळलं, कारण उतारावर पाय जास्त जोरात आदळतात. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून तोच उतरायचा असतो. तिथे जाणाऱ्यांनी पट्टा उतारावरच तपासावा.

फोन पाठीमागे ठेवा, कण्याच्या पन्हळीत. पुढे ठेवला तर मांडी उचलताना लागतो, बाजूला ठेवला तर कंबर वळते तसा झुलतो. पाण्याच्या बाटल्यांबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही: पट्ट्याला बाटल्या लावूच नयेत. अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो, आणि अर्धी रिकामी झालेली कडक बाटली आतून डचमळते. न्यायचंच असेल तर मऊ फ्लास्क घ्या, पाणी संपतं तसा तो आक्रसतो.

धुण्याचं सांगून थांबते. लायक्राचा धागा १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँटमध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. तो मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी परत जागेवर येतो, पण गरम पाणी, ब्लीच आणि इस्त्री त्याला सोसत नाही. “पट्टा सैल झाला” म्हणून परत आलेल्या पट्ट्यांपैकी निम्मे तरी वॉशिंग मशीनच्या गरम पाण्यातून आलेले असतात. पळून आलात की आंघोळीच्या वेळीच गार पाण्यात खळबळून सावलीत टाका.

टेबलावर सहा पट्टे ठेवलेत, सगळ्यांत प्लायवूड आहे. सभागृहाबाहेर तीन मजल्यांचा जिना आहे. जाताना चढू नका, उतरून बघा.