मॅच पॉज होत नाही

नमस्कार श्रोतेहो. मी पुण्यात गेली अकरा वर्षं गेम टेस्टर म्हणून नोकरी करते, म्हणजे व्हिडिओ गेम लोकांच्या हातात जायच्या आधी तो खेळून खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. लग्नकार्यात कुणी विचारलं की काय करतेस आणि मी हे सांगितलं, की अर्धे लोक म्हणतात वा, खेळायचा पगार मिळतो की. उरलेले आवाज खाली करून म्हणतात, अगं आमच्या पोराला जरा समजाव ना, दिवसभर गेममध्येच असतो. मला आज या आवाज खाली करणाऱ्यांशी बोलायचंय, कारण त्यांची काळजी खरी असते, फक्त पोरगं नक्की काय खेळतंय ते त्यांनी बहुतेक वेळा पाहिलेलं नसतं.

गेल्या दिवाळीत मी बार्शीला ताईकडे होते. रात्रीचे साडेआठ वाजले असतील, ताई पोळ्या करत होती, ताटं वाढून झाली होती, आणि तिनं भाच्याला चार हाका मारल्या. प्रत्येक हाकेला "आलो आलो" एवढंच. पाचव्या वेळी ती पिठाच्या हातानंच उठून गेली आणि मोबाईल ओढून घेतला. पोरगं चौदा वर्षांचं, मिसरूड फुटायला लागलंय, पण डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. न जेवता झोपला. दाजी म्हणाले, बघितलंस, किती आहारी गेलाय, एवढ्याशा गोष्टीवरून रडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं खेळ, मी नुसती बघते. तो बीजीएमआय खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शंभर जण पॅराशूटनं एका बेटावर उतरतात, चार-चारची टीम असते, बंदुका, औषधं वगैरे शोधायचं, आणि खेळायची जागा, म्हणजे झोन, हळूहळू लहान होत जातो, शेवटी जी टीम उरेल ती जिंकली. एक मॅच शेवटपर्यंत गेली तर पंचवीस-तीस मिनिटं लागतात. याच्या टीममध्ये एक वर्गातला मित्र, एक चुलत भाऊ आणि एक जुना शेजारी, ज्याच्या वडिलांना भोसरीला काम मिळालं म्हणून ते गाव सोडून गेले. चौघंही कानात हेडफोन घालून बोलत होते, भावा मागं बघ, थांब मी येतो, तू पडून रहा. मधेच भोसरीवाला म्हणाला, आमच्याकडं आज पाणी आलं नाही रे. मग परत गोळीबार. मला ते ऐकून फार बरं वाटलं, कारण हे पोरगं एकटं बसलंय असं ताईला वाटत होतं आणि ते एकटं नव्हतंच.

आणि बघता बघता मला आदल्या रात्रीचं रडणं कळलं. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असायचा, पिवळ्या कॅसेटचा, चालला नाही की कॅसेटमध्ये फुंकर मारायची. त्याच्या रिमोटवर स्टार्टचं बटण होतं, ते दाबलं की गेम थांबायचा. आईनं हाक मारली, पॉज केलं, जेवून आलो, पुन्हा सुरू. आपल्या पिढीच्या डोक्यात तेच बसलंय, की हाक मारली की थांबवता येतं. या गेमला पॉज नाहीये. तू उठून गेलास तरी बाकीचे शहाण्णव जण तुझ्यासाठी थांबत नाहीत, तू मरतोस आणि तुझ्या तिघांना एक माणूस कमी घेऊन लढावं लागतं, आणि मग उद्या शाळेत बोलणी बसतात. कबड्डीचा सामना अर्ध्यात असताना मैदानातून पोराला ओढून आणलं तर जे वाटेल तेच त्याला वाटलं. ताईची हाक चुकीची नव्हती, तिची वेळ चुकली.

मी ताईला बोलावलं, स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला. किती जण जिवंत उरलेत ते तिथं दिसतं. म्हटलं, जेवायला बोलवायच्या आधी हा आकडा विचारायचा. ऐंशी असेल तर अजून वेळ आहे, दहा-बारा असतील तर चार-पाच मिनिटांत आटपतंय, आणि त्याला सांगायचं, ही मॅच संपली की उठायचं, पुढची लावायची नाही. पुढची लावली तर मात्र खुशाल मोबाईल काढून घे, तेव्हा मी तुझ्या बाजूनं.

दाजींचं म्हणणं होतं की हा गेम सरकारनंच बंद केला होता, मग चांगला कसा असेल. हे बऱ्याच घरांत ऐकू येतं म्हणून सांगते. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलसकट ११८ ॲपवर बंदी आली, पण त्यात कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांच्या माहितीचं, सीमेवर चीनशी तणाव होता त्या काळातली गोष्ट. मुलांच्या सवयीचा त्यात विषय नव्हता. मग २०२१ च्या जुलैमध्ये त्याचंच भारतीय रूप बीजीएमआय म्हणून आलं, २०२२ च्या जुलैमध्ये तेही काढलं, आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आलं तेव्हा वेळेची मर्यादा घालून आलं, अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास. आता तीन तास हे माझ्या मते शाळेच्या दिवसाला फार जास्त आहेत, ते ठरवायचं काम घरानंच करायला पाहिजे, कंपनीवर सोडून चालणार नाही.

आता मला ज्या गोष्टीची खरी भीती वाटते तिकडे येते. माझा एक चुलत भाऊ आहे, अठ्ठावीस वर्षांचा, एमआयडीसीत नोकरीला. त्याला घरात कुणीच कधी बोललं नाही, कारण तो "गेम" खेळत नव्हता, तो रात्री अंथरुणात पडून शांतपणे पत्ते खेळत होता, मोबाईलवर, पैसे लावून. पहिल्यांदा ॲपनं काही रुपये बोनस दिला, पहिल्या आठवड्यात तो थोडे जिंकलासुद्धा. मग शंभर, मग पाचशे, यूपीआयनं पैसे टाकायला किती वेळ लागतो, पिन टाकला की गेले. हरलेले काढायचे म्हणून अजून टाकले. रात्री अकरा वाजता नोटिफिकेशन यायचं, की टेबल तयार आहे. आठ महिन्यांनी काकांना कळलं तेव्हा मोटारसायकलचा हप्ता थकलेला, दोन मित्रांची उधारी आणि एका लोन ॲपचं कर्ज डोक्यावर. काका मला फोनवर एकच सारखं विचारत होते, अगं पण तो तर नुसता पत्ते खेळत होता ना.

हेच मला कळकळीनं सांगायचंय. गेम या एकाच शब्दात आपण सगळं टाकतो. चौदा वर्षांचं पोरगं मित्रांबरोबर पळापळ करतंय त्याला आपण ओरडतो, कारण ते आवाज करतं, दिसतं. आणि ज्यात घर बुडू शकतं ते शांत असतं म्हणून आपल्या नजरेतून सुटतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर त्यात बंदी आहे, असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, खेळ म्हणून मान्यता दिली आहे. म्हणजे कायद्यानं ती रेघ ओढली, जी आपल्या घरात अजून ओढली गेलेली नाही. खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेलं नाही हेही बरं केलं, कारण माझ्या भावाला आधी भीती पोलिसांची वाटायची आणि त्या भीतीनं तो घरी सांगत नव्हता.

तरी ही रेघ अगदी स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही, या धंद्यात असून ते म्हणणं खोटं ठरेल. भाच्याच्या गेममध्येसुद्धा खरे पैसे देऊन यूसी, म्हणजे गेममधले पैसे, घेता येतात आणि त्यातून क्रेट, म्हणजे बंद पेट्या, उघडायच्या, आत कुठला ड्रेस किंवा बंदुकीची स्किन, म्हणजे तिचं वरचं रंगरूप, निघेल ते नशिबावर. पैसे परत मिळत नाहीत म्हणून तो जुगार धरत नाहीत, पण "अजून एक उघडून बघू" ही जी खाज आहे ना, ती तीच आहे. मी अशा पेट्या टेस्ट केल्या आहेत, कुठला रंग चमकला की माणूस पुन्हा दाबतो यावर लोक महिनोन्‌महिने काम करतात. म्हणून दाजींच्या फोनवर मी पहिलं काम केलं, प्ले स्टोअरमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावला आणि तो पासवर्ड ताईला दिला.

आहारी जाणं म्हणजे काय, हेही एकदा नीट बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतलाय, २०२२ पासून ती यादी लागू आहे. त्यात नुसते तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा राहत नाही, जेवणखाण, झोप, शाळा, माणसं सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असतं, तेव्हा तो आजार. घटक चाचणीत चार मार्क कमी पडले म्हणजे पोरगं आजारी नाही. पण वर सांगितलं तसं खरंच दिसत असेल तर लपवू नका, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या भावानं तिथं फोन केला होता, पहिल्या वेळी दोन मिनिटांत ठेवून दिला, दुसऱ्या वेळी बोलला.

बरं, नोकरीचं. भाच्यानं मला हळूच विचारलं, मावशी मी पण तुझ्यासारखा टेस्टर होऊ का. मी त्याला माझा एक दिवस सांगितला. सकाळी नवीन बिल्ड येतो, म्हणजे गेमची तपासायची नवी आवृत्ती. एका गेममध्ये लाकडी पूल होता, आणि कधीतरी, दहातून एकदा, त्यावरून उडी मारली की खेळणारा पुलाच्या आरपार खाली पडायचा. कधी पडतो ते कळेना. दोन दिवस मी तोच पूल ओलांडत होते, हळू, जोरात, उलटं, वायफाय बंद करून, बॅटरी पाच टक्क्यांवर आणून. शेवटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला, मी उडीत होते, आणि गेला खाली. म्हणजे हवेत असताना कॉल आला की गेमला पुलाचा विसर पडायचा. मग ते नीट लिहायचं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहापैकी किती वेळा. तो पूल आज लाखो लोक ओलांडतात आणि कुणी पडत नाही, याचं मला अजून समाधान वाटतं. पण दोन दिवस एकच पूल, हे ज्याला जमेल त्यानंच यात यावं. आणि आमच्यातले बरेच जण कॉन्ट्रॅक्टवर असतात, प्रोजेक्ट संपला की घरी. मागच्या वर्षी माझ्या शेजारच्या टेबलावरची तीन मुलं एका दुपारी गेली. आता गेममधल्या भिंतीला धडकून बघायची कामं बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्राम, करायला लागलेत, नव्या आर्टिस्टना पहिली जी छोटी कामं मिळायची ती एआयकडं चाललीत, हे मी रोज बघते, त्यामुळे शिक्षण सोडून ये असं मी कुणाच्याच पोराला सांगणार नाही.

पण इथं काही होतच नाही असंही नाही. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स म्हणून एक छोटा स्टुडिओ आहे, त्यांनी राजी नावाचा गेम केला, आपल्या पुराणकथांच्या जगातली एक मुलगी, राक्षसांनी नेलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे गोळा करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी चिकाटीनं २०२० ला गेम आणला आणि द गेम अवॉर्ड्स या जागतिक पुरस्कारांमध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन मिळालं. उलट त्याच वर्षी प्रिन्स ऑफ पर्शिया या जुन्या गाजलेल्या परदेशी गेमच्या नव्या रूपाचा ट्रेलर आला, काम पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत चाललं होतं, ग्राफिक्सवरून जगभर नावं ठेवली गेली, आणि २०२२ मध्ये काम कॅनडात माँट्रियलला गेलं. तेव्हा इथल्या पोरांना जे वाटलं ते मी जवळून पाहिलंय, कँटीनमध्ये कुणी बोलत नव्हतं.

एक अजून सांगायचं राहिलं. भाच्याची धाकटी बहीण पण खेळते, चांगली खेळते, पण माईक बंद ठेवून. मुलीचा आवाज ऐकला की अनोळखी पोरं काय काय बोलतात ते मला माहीत आहे, मीही घरी खेळताना बरीच वर्षं माईक बंदच ठेवला. माईक चालू ठेवायला मुलीला धीर द्यायचा, हे आहेच, पण पोरगा हेडफोन लावून समोरच्या मुलीला काय बोलतोय हे ऐकायला आईबाप कधी शेजारी बसतात का? स्क्रीन टाइम मोजतो आपण, बोलणं कुणी ऐकत नाही. भाच्याला मी एवढंच म्हटलं, तुझ्या टीममध्ये हिला घे. आधी नाही म्हणाला. आता घेतो, कारण ती नेम चांगला धरते.

परवा रात्री ताईचा फोन आला होता, आम्ही बोलत असतानाच तिनं तिकडून ओरडून विचारलं, "किती उरलेत रे?" आतून दोघांचा एकदम आवाज आला, "अकरा!" मग तवा ठेवल्याचा आवाज आला आणि ताई मला म्हणाली, थांब, पोळी टाकते.