मागे ट्रेलर, पुढे ऊडनाडाटा

श्रोतेहो, नमस्कार.

जून-जुलैच्या शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या की ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांतून हल्ली एक बेत हमखास ऐकू येतो. फोर व्हील ड्राइव्ह गाडी घरात असते, कॅम्पर ट्रेलर, म्हणजे तंबू-स्वयंपाकाची सोय असलेला गाडीमागचा ट्रेलर, भाड्याने ठरवलेला असतो आणि मुलांना घेऊन ऊडनाडाटा ट्रॅकला जायचं असतं. बेत झकास आहे. हिवाळ्यात तिकडे दिवसा सुखाचं ऊन असतं, रात्री कडाक्याची थंडी. पण तयारीच्या गप्पा सगळ्या गाडीभोवतीच फिरतात. मी आज बोलणार आहे ते मागे जोडलेल्या ट्रेलरबद्दल. त्या रस्त्यावर सगळा मार तो खातो, आणि पुढे स्टिअरिंगवर बसलेल्याला त्यातलं फारसं काही जाणवत नाही. म्हणून त्याच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं.

आधी रस्ता समजून घेऊ. साउथ ऑस्ट्रेलियात मरीपासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर कच्ची वाट. मध्ये वस्ती म्हणावी अशी ठिकाणं दोनच, विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा. एवढ्या कोरड्या मुलुखात वाट नेमकी इथूनच का गेली? तर जमिनीखालच्या प्रचंड जलसाठ्याचं पाणी या पट्ट्यात झऱ्यांच्या रूपाने वर येतं. या झऱ्यांच्या आधाराने इथल्या आदिवासींची ये-जा हजारो वर्षं चालत आली. त्याच ओळीने पुढे १८७२ साली पूर्ण झालेली तारयंत्राची (टेलिग्राफची) लाइन गेली आणि मग घान रेल्वे आली. ती रेल्वे १९८० साली या मार्गावरून बंद झाली; जुने पूल आणि स्टेशनांचे अवशेष अजून रस्त्याकडेला दिसतात. रेल्वे येण्याआधी आणि आल्यावरही इथला माल उंटांवरून जायचा. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुचिस्तान, सिंध, पंजाबातली माणसंही होती. बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांच्या मोहिमेसाठी १८६० साली आणलेले उंट कराची बंदरातून जहाजावर चढले. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. मरीला थांबलात तर मुलांना हे जरूर सांगा.

आता त्या रस्त्यावरच्या पन्हळींकडे, म्हणजे पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटांकडे येतो. सुट्या, कोरड्या मातीवरून चाकं ठरावीक वेगाच्या वर फिरू लागली की एखाद्या बारीक उंचवट्यावर चाक उडतं, पुढे आपटतं, तिथे खळगा पडतो, पुन्हा उडतं. हजारो चाकांनी हेच केलं की रस्ताभर आडव्या पन्हळी तयार होतात. जुने ड्रायव्हर सांगतील की ऐंशी-नव्वदचा वेग धरला की गाडी पन्हळींच्या माथ्यावरून तरंगत जाते आणि हादरे थांबतात. गाडीपुरतं ते खरंही आहे. पण तरंगणाऱ्या चाकाची जमिनीवर पकड राहत नाही; वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर ते कळतं. आणि ट्रेलरचं काय? पुष्कळ भाड्याच्या ट्रेलरना नुसते पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात, शॉक ॲब्जॉर्बर नसतात. तुम्ही गाडीत गाणी ऐकत असता तेव्हा मागे पाटे, नट आणि वेल्डिंगचे जोड अखंड ठोके खात असतात. माझं मत स्पष्ट आहे. ट्रेलर मागे असेल तर साठ-सत्तरच्या वर जायचं कारण नाही, आणि रस्ता मागेल तिथे चाळीसवरही यावं.

पहिला उपाय फुकटातला आहे, टायरची हवा. डांबरावर चाळीसच्या आसपास पीएसआय असेल तर कच्च्या रस्त्याला लागताना सव्वीस-अठ्ठावीसवर आणा. मऊ झालेला टायर पन्हळींचा मार स्वतः गिळतो आणि धारदार दगडावर सहजी फाटत नाही. गाडीची हवा सगळे कमी करतात, ट्रेलरची विसरतात, तिथेच घात होतो. पण हवा कमी केली की वेगही कमी ठेवावाच लागतो, नाहीतर टायर तापून फुटतो. तासभर चालल्यावर प्रेशर पुन्हा मोजा. चार-सहा पीएसआय वाढलं असेल तर ठीक. त्याहून जास्त वाढलं असेल तर हवा फार कमी आहे किंवा तुम्ही फार पळवताय.

दुसरं म्हणजे वजन. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीला उसाच्या ट्रॅक्टरमागची दुसरी ट्रॉली कशी डुलत जाते ते तुम्ही पाहिलं असेल. मागे जास्त भरलेला ट्रेलर तसाच डुलायला लागतो, फक्त इथे वेग कितीतरी जास्त असतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, यायला हवा. म्हणजे १४०० किलोचा ट्रेलर असेल तर १४० किलोच्या आसपास. जड सामान खाली आणि आसाच्या जवळ ठेवा. पाण्याच्या टाकीकडेही लक्ष असू द्या, कारण शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. टाकी पुढे असेल तर ती रिकामी होत जाईल तसा टोबॉलवरचा भार घटत जातो. सगळं भरून झाल्यावर एकदा वजनकाट्यावर नेऊन ट्रेलरच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनमर्यादेशी ताडून पाहा. आपण मराठी माणसं दहा किलो कणीक, तांदूळ, दोन कुकर आणि मोठी कढई घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. एक कुकर पुरतो. आणि पेयांचे ॲल्युमिनियमचे कॅन टॉवेलात गुंडाळा. पन्हळींवर ते एकमेकांवर घासून चक्क भोक पडतं.

तरीही ट्रेलर डुलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने नुसता ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावा. हे निघण्याआधी रिकाम्या रस्त्यावर करून पाहायला हवं.

आता सर्वांत महत्त्वाचं: थांबणं. तासाभराने थांबा, आणि पाय मोकळे करताना ट्रेलरला एक फेरी मारा. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, तापलेला असू शकतो, म्हणून आधी हात जवळ नेऊन धग बघा, मग बोट टेकवा. दोन्ही बाजूंचे हब सारखेच कोमट लागले पाहिजेत. त्यातला एखादा हात ठेववत नाही इतका तापला असेल तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक घासतोय. चाकांच्या नटांवर आणि पाट्याच्या यू-बोल्टवर निघतानाच रंगाची एक रेघ मारून ठेवा. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना काढायच्या आधीच. कपलिंग, साखळ्यांचे शॅकल, विजेचा प्लग, ड्रॉबारवरची (ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरची) गॅसची टाकी यांवरून हात फिरवा. मग गाडीची मागची काच बघा. मागच्या चाकांनी उडवलेले दगड ट्रेलरच्या तोंडावर आपटून परत काचेवर येतात आणि ती अख्खी चुरा होते. ड्रॉबारवर तिरकी जाळी लावा, किंवा काचेवर जाड पुठ्ठा चिकटवा.

वाटेत ओढ्यात पाणी असेल तर तापलेले हब घेऊन थेट त्यात शिरू नका. गरम हब थंड पाण्यात एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढे ते बेअरिंग घात करतं. अर्धा तास थांबा, चहा करा. बेअरिंगचा एक जोड, सील आणि ग्रीस बरोबर असू द्याच.

पाऊस पडला आणि ‘रस्ता बंद’चा बोर्ड लागला तर विषय संपला. तिथली चिकण माती ओली झाली की ट्रेलर आडवा होतो, आणि तुमच्या चाकांनी पाडलेले चर पुढे महिनोन्‌महिने स्थानिकांना भोगावे लागतात.

काहीजण ऊडनाडाटाहून डालहौसीच्या गरम झऱ्यांकडे वळतात आणि तसंच पुढे सिम्पसनच्या वाळवंटात जायचं म्हणतात. सिम्पसनमध्ये ट्रेलर नेऊ नका, तिथलं उद्यान खातंही तेच सांगतं. वाळूच्या टेकडीवर चढताना तो गाडी मागे खेचतो, चाकं जागीच फिरतात आणि सगळ्यांचीच वाट उखडते. डालहौसीला जायचं तरी ट्रेलर ऊडनाडाटाला ठेवता येतो का ते विचारा. तंबू, पाणी आणि दोन दिवसांचं खाणं गाडीत मावतं.

मार्लाला स्टुअर्ट हायवेचं डांबर लागलं की जरा थांबा. कॉम्प्रेसर काढा, सहाही टायरमध्ये हवा भरा, रंगाच्या रेघा पुन्हा एकदा तपासा, आणि मगच वेग वाढवा. नमस्कार.