पत कुणाची, वही कुणाची

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय आहे परस्पर पत. ‘परस्पर पतीविषयी दोन शब्द’ असं शीर्षक आधी सुचलं होतं, पण मग निम्मे श्रोते भलतंच काही ऐकायला सरसावून बसले असते. तर पत. उधारीची पत. माल आहे, हात आहेत, गिऱ्हाईक आहे, नाही ती फक्त रोकड, अशा ठिकाणी लोक आपापसांत वही उघडून व्यवहार कसे चालू ठेवतात, ते सांगायचंय.

पण आधी गोष्ट. ही गोष्ट मी सापडेल त्याला सांगतो. घरचे हल्ली ‘आयर्लंड’ एवढा शब्द ऐकला की उठून आत जातात. तुम्ही मात्र रेडिओ बंद करू नका.

साल १९७०. आयर्लंडमध्ये पगारावरून बँका आणि बँक कर्मचारी यांच्यात वाद चिघळला आणि १ मे रोजी देशभर शाखा असलेल्या मोठ्या बँकांना टाळं लागलं. उघडल्या कधी? १७ नोव्हेंबरला. साडेसहा महिने! लोकांचा पैसा खात्यात, खातं बँकेत आणि बँकेला कुलूप. आपल्याकडे दोन तास सर्व्हर बंद पडला तरी जीव खालीवर होतो. तिथे साडेसहा महिने.

मग देश थांबला का? नाही थांबला. लोक चेक लिहीत राहिले. नीट ऐका हं. चेक वटवणारं कुणी नाही, खात्यात पैसे आहेत की खडखडाट हे विचारायची सोय नाही, तरी एक जण चेक लिहीत होता आणि दुसरा तो घेत होता.

जरा डोळ्यांसमोर आणा. शुक्रवारची संध्याकाळ. कामगाराच्या हातात आठवड्याच्या पगाराचा चेक. तो घेऊन तो नेहमीच्या पबमध्ये जातो. गल्ल्यावरचा मालक चेककडे एकदा बघतो आणि माणसाकडे जरा जास्त वेळ. हा गडी वर्षानुवर्षं इथे येतोय. किती पितो, कधी थांबतो, मागची उधारी कधी चुकती केली, सगळं मालकाच्या डोक्यात. दिवसभराची रोकड गल्ल्यात असतेच. ती मोजून देतो, चेक ठेवून घेतो. दुसऱ्या दिवशी तोच चेक उलटा करून मागे स्वतःची सही ठोकतो आणि बिअरची पिंपं पोचवणाऱ्याच्या हातात ठेवतो. तो आपली सही करून तिसऱ्याला देतो. असं करत करत चेकची मागची बाजू सह्यांनी भरून जायची. चेक मुळात ज्याने लिहिला, त्याला शेवटच्या माणसाने कधी पाहिलेलंही नसायचं. पण आपल्या आधीची सही ओळखीची आहे ना? मग पुरे. छापील चेकबुकं संपली तेव्हा लोकांनी साध्या कागदावर चेक लिहिले. तेही चालले.

सहीवरून आठवलं. हल्ली सही करायची वेळच येत नाही, सगळीकडे ओटीपी. परवा एका कागदावर तीनदा सही करायची होती, तर तिन्ही वेगवेगळ्या उमटल्या. समोरच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच मी तोतया वाटलो. असो.

तर आयर्लंड. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या घरात. पब सुमारे ११ हजार आणि दुकानं १२ हजारांच्या आसपास. करा हिशोब. साधारण दर एकशेतीस माणसांमागे एक गल्ला, जिथे तुम्हाला नावानिशी ओळखतात. अँटोइन मर्फी या अर्थतज्ज्ञांनी पुढे या काळाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते याच गल्ल्यांवर. कोण देणं फेडेल आणि कोण टांग मारेल, याचा अंदाज करायचं बँकेचं काम पबवाल्यांनी आणि दुकानदारांनी उचललं होतं. बुडवे निघालेच, ते कुठे नसतात? पण त्यांच्यापायी गाडा अडला नाही. नोव्हेंबरात बँका उघडल्या तेव्हा दारात चेकचा डोंगर उभा होता. तो उपसून कारभार रुळावर यायला फेब्रुवारी १९७१ उजाडला.

आता कुणी म्हणेल, हे सगळं बँका कधीतरी उघडतील या भरवशावर चाललं. बरोबर आहे, मान्य. पण रोकड आटली तरी पत आटली नाही, हे विसरू नका. रोकड आटली, पत नाही. आणि पत ठरवली ती ओळखीने. कर्जाला आपल्याकडे दोन जामीनदार आणा म्हणतात, ते तरी काय असतं? मागतात ओळखच, फक्त झेरॉक्ससकट.

हीच वही कायमची उघडली की ती परस्पर पत. सगळ्यांचं खातं शून्यावर सुरू. सुताराने छापखान्याला टेबल दिलं, सुताराकडे जमा, म्हणजे येणं; छापखान्याच्या नावे, म्हणजे देणं. आता छापखान्याने ते फेडायचं, पण सुतारालाच असं नाही. वहीतल्या कुणालाही छपाई करून दिली की झालं. सगळ्या खात्यांची बेरीज कधीही करा, उत्तर शून्य. वही बिघडत नाही तोवर शून्यच. कोण किती नावे जाऊ शकतो त्याला मर्यादा असते. लोकांना भीती वाटते ती नावे टाकून पळणाऱ्याची. मला विचाराल तर जमा करून गप्प बसणारा जास्त अवघड. त्याने खर्चच केला नाही, तर नावे असलेल्याने फेडायचं तरी कुणाला विकून?

हे हवेतलं बोलणं नाही. स्वित्झर्लंडमध्ये मंदीच्या काळात, १९३४ साली, छोट्या व्यावसायिकांनी ‘वीर’ नावाचं असं मंडळ काढलं. जर्मनमध्ये ‘वीर’ म्हणजे ‘आपण’. आज ती बँक आहे आणि एक वीर म्हणजे एक स्विस फ्रँक हा हिशोब अजून चालतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २००८च्या जागतिक मंदीनंतर काही मित्रांनी ‘सार्डेक्स’ सुरू केलं. एक सार्डेक्स एक युरोच्या तोडीचा, व्याज नाही, पण युरोत बदलून मिळत नाही. मिळाला तो बेटावरच्या वहीत खर्च करा.

भागीदारीवरही बोलायचं होतं, पण काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवली जातायत. घाईत सांगतो. वहीने रोजचा व्यवहार भागतो. नवं जहाज बांधायचं, नवी गिरणी उभारायची, तर मोठी रक्कम लागते. मध्ययुगात इटलीच्या बंदरांत ‘कोमेंदा’ नावाचा करार असायचा. एक जण घरी बसून पैसे घालायचा, दुसरा माल घेऊन समुद्रावर जायचा. नफा झाला तर पैसेवाल्याला तीन भाग, फिरणाऱ्याला एक भाग. ठरावीक व्याजाचा तगादा नाही. आणि जहाज बुडालं तर? एकाचे पैसे गेले, दुसऱ्याची मेहनत गेली, वसुलीला कुणी कुणाच्या दारात उभं राहिलं नाही. हे तीनास एक प्रमाण मला थोडं पैसेवाल्याच्या बाजूचं वाटतं. लाटा अंगावर घेणारा तर दुसराच होता. बरं, एकच बोट उरलंय. नमस्कार.