पथारीवरची बाई आणि कमिटीतली खुर्ची

नमस्कार मंडळी. आज मंडईजवळ पथारी टाकून बसणाऱ्या बायकांबद्दल बोलायचंय, म्हणजे राजकारणाबद्दलच बोलायचंय, कारण कोथिंबीर विकणाऱ्या बाईला रोज सकाळी एकच काळजी असते, आज इथं बसू देतील का उठवतील. अतिक्रमणची गाडी दिसली की ती चादरीची चारही टोकं धरून माल गोळा करते आणि बोळात शिरते, निम्मी मेथी तिथंच तुडवली जाते, झाली दिवसाची कमाई. भांडवल पण गेलं, ते बहुतेक व्याजानं घेतलेलं असतं.

जगात दोनशे कोटी लोक अशा असंघटित कामावर जगतात असं आयएलओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं, 2018 मध्ये सांगितलं, आणि गरीब देशांत तर कमावत्या बायकांपैकी दहातल्या नऊ जणी यातच आहेत.

आता 2014 चा फेरीवाला कायदा बघा. शहरात फेरीवाल्यांनी कुठं बसायचं यात जिचं म्हणणं विचारात घेतात, त्या शहर फेरीवाला समितीत निदान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले पाहिजेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. म्हणजे खुर्ची आहे. पण मीटिंग ऐन धंद्याच्या टायमाला ठेवली तर ती येणार कशी, गाडा कोण बघणार, आणि आली तरी साहेब लोकांसमोर एकटी बाई बोलणार काय? पाठीमागं चार जणी असल्या तर बोलते, हे मी ठामपणे सांगते.

आपल्या पुण्यातच झालंय की हे. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. खांद्यावर गोणी दिसली की ज्यांना कुणीही चोर समजून हटकायचं, त्या कचरावेचक बायकांनी भांडून महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळवली, आणि 2008 मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ संस्थेनं घरोघरचा कचरा गोळा करायचा महापालिकेशी करार केला! आधी एकजूट झाली, मग साहेबांच्या टेबलापर्यंत जाता आलं.

महापालिकेत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, चांगलंच आहे ते. पण तिकीट वाटताना पथारीवाली, धुणंभांडी करणारी, कचरावेचक कुणाच्या यादीत असते का? मतं मागायला येतील त्यांना हे विचारा, आणि समितीची मीटिंग बाजार उठल्यावर ठेवा, येणाऱ्या बाईला त्या दिवसाचा रोज द्या, एवढं तरी त्यांच्याकडून कबूल करून घ्या.