खताच्या पोत्यातलं विष

(दृश्य : बडोदा, दांडिया बाजारातल्या जुन्या घराची गच्ची. ओळीने कुंड्या. एका कुंडीतली माती उकरलेली.)

ही माती घरच्याच कुत्र्याने उकरली आहे. आदल्या दिवशी गुलाबाला एरंडीची पेंड घातली होती, त्या वासाने तो गच्चीवर आला.

बडोद्यात गच्चीवर बाग करणाऱ्या घरांतून ही पेंड सर्रास वापरतात. खतवाल्याकडे दिवेलीचा खोळ (एरंडीच्या पेंडीचं गुजराती नाव) मागितला की लगेच मिळतो. देशातला बहुतांश एरंड गुजरातेत पिकतो, तेव्हा खोळाला तोटा नाही. त्यात हाडांचा चुरा मिसळलेला असला, तर कुत्र्याला तो खाऊच वाटतो.

एरंडाच्या बीत रिसिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते तेलात उतरत नाही. तेल निघतं आणि विष पेंडीत राहतं. पेंड भरपूर तापवलेली असेल तर रिसिन निकामी होतं, पण ती तापवली होती की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. खाल्ल्यावर काही तास कुत्रा अगदी ठणठणीत असतो. जेवतो, खेळतो, शेपूट हलवत मागेमागे फिरतो. उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात ते संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. मधल्या या वेळाचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण घरचे निर्धास्त असतात. रिसिनवर उतारा नाही. घरात कुत्रा असेल तर कुंड्यांना शेणखत नाहीतर गांडूळखतच घाला, असं मी आग्रहाने सांगेन.

(दृश्य : देवघर. परडीत कण्हेरीची फुलं.)

कण्हेर आणि महादेवाला वाहतात ती पिवळी बिट्टी, दोन्हींचं विष थेट हृदयावर जातं. पान, फूल, बी, सगळंच विषारी. निर्माल्याची परडी जमिनीवर ठेवू नका. ज्या पाण्यात ही फुलं ठेवली, ते पाणीसुद्धा कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नये.

(दृश्य : बंगल्याचं फाटक, दोन्ही बाजूंना सायकस.)

सायकस शोभेचा, पण त्याच्या एक-दोन बियांनीही कुत्र्याचं यकृत निकामी होऊ शकतं. मनी प्लांट किंवा डिफेनबेकिया चावला तर तोंडाची आग होते, लाळ गळते. जिवावर सहसा बेतत नाही. तुळस, जास्वंद, मोगरा यांची चिंता नको.

(दृश्य : जनावरांच्या दवाखान्यातलं टेबल.)

कुत्र्याने यातलं काही खाल्लं, तर मीठपाणी पाजू नका. रक्तातलं मीठ वाढून तेच जिवावर उठतं. उरलेलं पान, बी किंवा मूठभर खत पिशवीत घ्या, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे निघा. उलट्या होतात का, हे बघत घरी थांबू नका. औषध देऊन पोट रिकामं करण्याचा खरा उपयोग होतो तो पहिल्या एक-दोन तासांतच.